पाठमोऱ्या बाईसाठी

मालिका लिहायला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं:
बाई टीव्हीकडे पाठ करून भांडी घासत असते,
तिला नुसतं ऐकून सगळं कळलं पाहिजे.
म्हणून माझी माणसं दार उघडताना सांगतात
की दार उघडतोय.
रडताना रडण्याचं कारण सांगतात,
आणि जाहिरातीनंतर पुन्हा एकदा,
जिचं मधल्या वेळात दूध उतू गेलं तिच्यासाठी.
अकरा वर्षं. रोज बावीस मिनिटं.
एक लग्न मी नऊ आठवडे चालवलं,
नवरदेवाला टायफॉइड झाला म्हणून हळद तीनदा लावली.

आता सिनेमा मिळालाय.
निर्माता म्हणतो, कुणाला बोलू देऊ नका,
अंधारात बसलेला माणूस पैसे देऊन बघतो.
म्हणून गावी आलो, नागभीडच्या पुढं,
जिथं बोडीच्या पाळीवर चढल्याशिवाय रेंज येत नाही.
मालिकेचे भाग अजून तिथूनच पाठवतो.
पोट आहे.

समोर पुस्तकलाबाई गुरनुले राहते.
नावात पुस्तक, सहीला अंगठा.
माझा एकही भाग चुकवत नाही
आणि खरंच, पाठमोरीच असते.
फक्त एक कुणी मला सांगितलं नव्हतं,
की ती उत्तरं देते.
"अवं नोको पिऊ व ते दूध, टाकलं ना तिनं त्याच्यात!"
चुलीकडं तोंड करून, माझ्या सुनेला.
तिचे संवाद माझ्यापेक्षा बरे असत.
लांबीलाही कमी.

मंडईच्या दिवसांत होमराजनं तिला मोबाइलमध्ये घेतलं.
पुतण्याच तिचा. पोरगा वाईट नाही.
चाळीस सेकंद: हातात सराटा, समोरचे पडलेले दात,
टीव्हीतल्या बाईला एक शिवी.
कुणीतरी खाली हसण्याचं संगीत लावलं.
चार दिवसांत इतक्या लोकांनी बघितलं
जितके आमच्या बाजारात चार पिढ्यांत आले नसतील.
एकानं दातांवर लिहिलं. एकानं भाषेवर.
एकानं लिहिलं, असल्या बायकांमुळंच असल्या मालिका चालतात.
त्याला हजारोंनी बदाम दिले.
मीही वाचत होतो पाळीवर उभा राहून,
खाली, अजून खाली, अंगठ्यानं.
तिचा अंगठा शाईत बुडतो
तेव्हा तिनं काहीतरी कबूल केलेलं असतं.
आमचा कोरडाच असतो.

होमराजनं ते काढून टाकलं, रडलाही.
पण ते आता त्याच्याकडं नव्हतंच.

हल्ली ती टीव्हीकडं तोंड करून बसते.
दुधात पुडी पडते. ती गप्प.
माझा माणूस दार उघडतो, दार उघडल्याचं सांगतो.
ती गप्प.
दाराकडं एकदा बघते,
कुणी मोबाइल धरून उभं नाही ना.

हा सिनेमा आहे, हे मला लगेच कळलं.
लाज वाटायच्या आधी कळलं.
दृश्य एक्केचाळीस. घर. रात्र.
बाई टीव्हीसमोर. ओठ हलतात. थांबतात.
खोडलं.
पुन्हा लिहिलं, तेच, एक शब्द कमी करून.
खोडलं.
तिसऱ्या दिवशी जाऊन तिला सगळं सांगितलं,
मालिकेसारखं, कारणासकट, दोनदा.

ती तांदूळ पाखडत होती, पाठमोरी.
"लिवजो," म्हणाली, "पन माहे दात नोको दाखवू."
सुपातले खडे वेचत राहिली.
मग बऱ्याच वेळानं:
"अन् ते दूध एखाद दिवशी सांडव ना.
तुह्याच हातात हाय ना ते?"

त्या रात्री पाळीवरून भाग पाठवला.
सकाळी चॅनेलचा फोन:
स्वयंपाकघरात हे मांजर कुठून आलं?
आधीच्या साडेआठशे भागांत नव्हतं.

म्हटलं, गावचं आहे.